यकृताची साफसफाई

गाडीखालून सरपटत बाहेर आलेल्या मेकॅनिक एर्गाश-आकाने एक काळाकुट्ट डबा तुर्दिअली दोमलांच्या नाकापुढे धरला.

"हुंगा."

दोमला एक पाऊल मागे सरले. "काय आहे हे?"

"तुमच्या गाडीचा तेलाचा फिल्टर. किती वर्षं बदलला नाहीत? आत नुसतं डांबर झालंय, डांबर."

"मग बदला की. त्यासाठीच आणलीय गाडी."

"बदलतो हो." एर्गाश-आकाने मनगटाने कपाळावरचा घाम पुसला. त्यामुळे कपाळ काळं झालं आणि चेहऱ्याला एक प्रकारचं गांभीर्य आलं. "पण एक विचारतो, रागावू नका. गाडीच्या फिल्टरची ही तऱ्हा, तर तुमच्या पोटातल्याचं काय झालं असेल? अठ्ठावन्न वर्षं वापरताय. दर गुरुवारी आपल्या मंडळीत पुलाव, त्यात दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी. कधी साफ केलंय का यकृत?"

मार्गिलान गावातल्या शाळेत तुर्दिअली दोमला रसायनशास्त्र शिकवत. दोमला म्हणजे मास्तर, जसं आका म्हणजे दादा. 'यकृत हा शरीराचा रासायनिक कारखाना आहे' हे वाक्य ते दर वर्षी नववीच्या वर्गाला उतरवून घ्यायला सांगत आणि सांगताना हातातला खडू जरा उंच धरत. कारखाना म्हटला की साफसफाई आलीच. एर्गाश-आकाला द्यायला त्यांना उत्तर सुचेना. आणि ज्या प्रश्नाचं आपल्याला उत्तर सुचत नाही तो प्रश्न शास्त्रीयच असला पाहिजे, अशी त्यांची समजूत होती.

खरं तर यकृतासारखा सोशिक अवयव दुसरा नाही. निरोगी माणसाचं अर्ध्याहून जास्त कापून नेलं तरी ते कुरकुर न करता पुन्हा वाढतं. आपली घाण आपणच उपसतं, आणि वर मालकाचीही उपसतं. असल्या गरीब जनावराच्या वाटेला कोणी जाऊ नये. पण लोक गरीब जनावराच्याच वाटेला जातात. बैल शिंगं रोखून उभा असला तर त्याला साफ करायची कल्पना कोणाला सुचत नाही.

दोमलांना काही म्हणजे काही होत नव्हतं, हे इथेच नोंदवून ठेवायला हवं. जेवण जात होतं, झोप लागत होती, जिना चढताना ते मुलांच्या पुढे असत. सकाळी तोंड थोडं कडू व्हायचं, इतकंच. ते जगात कोणाचं होत नाही?

घरी त्यांनी विषय सहज काढल्यासारखा काढला. मुयास्सर, त्यांची बायको, कणीक तिंबत होती.

"अहो, मी कधीची म्हणतेय," ती म्हणाली. ती काय कधीची म्हणत होती हे दोमलांना आठवेना, पण लग्नाला तीस वर्षं झाल्यावर असं विचारायचं नसतं.

भिंतीपलीकडून बाहरी-खोलाचं डोकं वर आलं. बाहरी-खोला ही शेजारची विधवा; खोला म्हणजे मावशी. दोन्ही घरांमधली भिंत तिच्या हनुवटीइतकीच उंच होती. ती तिने मुद्दाम तेवढी बांधून घेतली, असं दोमलांचं मत होतं.

"यकृत साफ करायचंय? मग लिंबाचा रस आणि तेल घ्या. उजव्या कुशीवर झोपायचं, खाली गरम पाण्याची पिशवी. माझ्या भाच्याचे हिरवे खडे पडले. एवढाले!" तिने बोटांनी अक्रोडाएवढा गोल करून दाखवला.

"खोला, ते तेलाचेच गोळे असतात. तेल आणि आम्ल यांची क्रिया होऊन…"

"गोळे का असेनात, पडले ना? तुमच्या आत राहिलेत त्याचं काय?"

दोमलांच्या हिशेबी हाही प्रश्न शास्त्रीय ठरला. दिवसच तसा होता.

शेवटी मुयास्सरच्या आग्रहाने ते बाजाराच्या मागच्या दाराशी बसणाऱ्या हकिमाकडे गेले. गेले म्हणजे रविवारी, टोपी डोळ्यांवर ओढून, भाजी घ्यायला निघालोय असं दाखवत. कारण उभी हयात त्यांनी वर्गात हकिमांची टर उडवली होती. रेणूला नवस कळत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. हकिमाने नाडी धरली, डोळे मिटले आणि विचारलं, "सकाळी तोंड कडू होतं?"

"होतं."

"झालं तर मग." त्याने वाळलेल्या पाल्याची एक जाडजूड पुडी बांधली. "अनशापोटी रोज एक पियाला. तोंडाचा कडूपणा जाईपर्यंत."

आता हेच वाक्य एखाद्या पोराने पेपरात लिहिलं असतं, तर दोमलांनी त्याला शून्य दिलं असतं. एककाशिवाय आकडा लिहिणाऱ्याला ते बापाला घेऊन यायला सांगत. एक पियाला म्हणजे किती? पाला किती, पाणी किती, उकळायचा किती वेळ? पाल्यात आहे तरी काय? यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. पुडी कोथिंबिरीच्या जुडीखाली दडवून ते घरी आले.

मुयास्सर जुन्या वळणाच्या घरातली. तिच्या माहेरी पियाला कधी काठोकाठ भरत नसत. भरला पियाला म्हणजे 'प्या आणि निघा'. मान जितका मोठा तितकं तळाशी थोडं ओतायचं, म्हणजे माणूस पुन्हा मागतो, आपण पुन्हा ओततो, बसणं लांबतं. नवऱ्याला तर तिने तीस वर्षांत दोन घोटांवर कधी ओतलं नव्हतं. हकिमाचा काढाही ती तसाच देई. भांडंभर पाणी, मूठभर पाला, तीनदा पियाल्यात ओतून पुन्हा भांड्यात, वरून जाड कापड घालून मुरत ठेवायचा. मग समोर बसून दोन घोट ओतायचे. दोमला पेपर तपासता तपासता पियाला रिकामा करून खाली ठेवत, ती पुन्हा ओते. नको म्हणायला पियाल्यावर हात ठेवावा लागतो, आणि दोमलांच्या एका हातात पेपर असे, दुसऱ्यात लाल पेन्सिल.

हिशेबाला मात्र तो एकच पियाला. कारण पियाला एकच होता.

आठवड्याभराने तोंडाचा कडूपणा कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मुयास्सरने दोन मुठी पाला घालायला सुरुवात केली.

पुढे जे जे झालं त्याने दोमलांना आनंदच झाला, ही या कहाणीतली सर्वांत दुःखाची गोष्ट. आधी लघवी गडद झाली. त्यांनी ती काचेच्या पेल्यात धरून उजेडात पाहिली. वरचा फेससुद्धा पिवळा. "डांबर," ते समाधानाने पुटपुटले. मग अंगाला खाज सुटली.

"विष कातडीवाटे निघतंय," भिंतीवरून बाहरी-खोला म्हणाली. "खाजवा, खाजवा. थांबवू नका."

मग भूक गेली. विजार कमरेला सैल झाली आणि शिक्षकांच्या खोलीत दोन बायकांनी विचारलं, "दोमला, काय करताय हल्ली? आम्हालाही सांगा की." दोमला नुसते हसले. त्यांना हसून कोणी विचारल्याला बरीच वर्षं झाली होती. तीच विजार पुढच्या पंधरवड्यात पुन्हा घट्ट झाली. तीही फक्त पोटावर. पाय काड्यांसारखे आणि वर घडा. त्याचा अर्थ कोणालाच लागेना, तेव्हा एर्गाश-आकाने लावला: "गाळ सुटला की आधी फुगतो. गटार उपसताना बघितलं नाहीत?"

त्यात ताप आला. तापाला मुयास्सरने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. उतरला नाही म्हणून वेगळ्या रंगाच्या आणल्या. गल्लीतली एक निवृत्त नर्स येऊन भिंतीच्या खिळ्याला बाटली टांगून शिरेतून काहीतरी सोडून गेली. काय सोडलं, हे विचारणं म्हणजे तिचा अपमान झाला असता. ती फुकट आली होती. सकाळचा काढा चालूच होता. आजारपणात नेमाचं औषध बंद करतं का कोणी?

एका सकाळी दाढी करताना आरशातले डोळे दोमलांना लिंबासारखे दिसले. आरसा पुसला. डोळे तसेच.

आता घरी माणसांची रीघ लागली. आजाऱ्याला बघायला यायचं ते रिकाम्या हाताने नाही, आणि आलेल्याने आणलेलं त्याच्या देखत तोंडात घालायचं, नाहीतर त्याचा हात झिडकारला असं होतं. दोमलांनी एका दिवसात जर्दाळूच्या बियांची पूड खाल्ली, मेंढीच्या दुधात कालवलेलं काहीतरी काळं गिळलं, आणि एका पालकाने वाळवंटातून आणवलेलं मूळ चघळलं. त्या पालकाचा मुलगा सहामाहीत नापास होता. मूळ चघळून होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

बाहरी-खोला परातीत पाणी घालून दोन जिवंत मासे घेऊन आली.

"यांच्याकडे टक लावून बघत बसा. कावीळ मासा ओढून घेतो."

"खोला, मी रसायनशास्त्राचा…"

"बघायला शास्त्र लागत नाही, डोळे लागतात."

दोमला बघत बसले. परातीतलं पाणी नळाचं होतं, आणि त्या दिवशी नगरपालिकेने क्लोरीन सढळ हाताने घातलं होतं, हे त्यांना वासावरून कळत होतं. दुपारी एक मासा उलटा झाला. बाहरी-खोलाने हर्षाने टाळी वाजवली. "ओढली! बघा, ओढली!" दोमला तोंड उघडून क्लोरीनचं समीकरण सांगणार होते. पण मासा मेलाय आणि सगळी गल्ली खूश आहे, अशा वेळी समीकरण कोण ऐकतं?

दुसरा मासा मरायची वाट न बघता मुयास्सरने रुग्णवाहिका बोलावली.

पिवळा माणूस म्हणजे संसर्गाची कावीळ, हे रुग्णवाहिकेच्या माणसाला पाठ होतं. त्याने दोमलांना साथीच्या रोगांच्या वॉर्डात नेऊन टाकलं. त्यांच्या मागोमाग तोंडाला फडकी बांधलेले दोघे घरी गेले आणि गालिच्यांपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यावर जंतुनाशक मारून आले. शाळेत नववीच्या दोन्ही तुकड्यांची रांग लावून रक्त काढलं गेलं. दोन मुली चक्कर येऊन पडल्या. मुख्याध्यापकांनी फोन करून काळजीच्या सुरात विचारलं, "दोमला, हात धूत होतात ना?" तीस वर्षं मुलांना प्रयोगानंतर हात धुवायला लावणारा माणूस खाटेवर कुशीला वळला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तपासण्या आल्या. विषाणू एकही नाही. साथीवाल्यांनी कागद शल्यविभागाकडे पाठवला: हा आमचा नव्हे. शल्यविभागाने पोटावर यंत्र फिरवलं: पाणी आहे, खडा नाही, हा आमचाही नव्हे. कागद परत साथीच्या वॉर्डात. चाकांच्या खाटेवर पडलेले दोमला या दोन इमारतींच्या मधल्या अंगणात एका तुतीखाली काही काळ कोणाचेच नव्हते. पिकलेल्या तुती त्यांच्या पांघरुणावर पडत होत्या.

शेवटी त्यांना ज्यांनी घेतलं त्या यकृताच्या वॉर्डाची डॉक्टर तरुण होती. तिने नाव वाचलं, मान वर केली आणि म्हणाली, "दोमला? मी शोइरा. नववी ब."

दोमलांना ती लगेच आठवली. दृष्ट लागू नये म्हणून आजीने तिच्या गळ्यात बांधलेला हर्मलच्या बियांचा ताईत त्यांनी भर वर्गात काढून घेतला होता. त्यातल्या बिया परीक्षानळीत घालून उकळल्या आणि सगळ्या वर्गाला विचारलं होतं, "दृष्ट उकळली का?" वर्ग पोट धरून हसला होता.

"दोमला," शोइराने खुर्ची ओढली, "मला एकच सांगा. गेल्या काही महिन्यांत काय काय घेतलंत? गोळ्या, इंजेक्शनं, चूर्ण, काढे, चहा, कोणी दिलेलं काहीही?"

"ताप होता. तापाच्या गोळ्या."

"त्याआधी? पाल्याचं काही?"

खाटेच्या पायथ्याशी मुयास्सर उभी होती. दोमलांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"मी?" ते म्हणाले. "मी आणि पाला?"

शोइरा ओशाळली. "नाही, विचारावं लागतं म्हणून विचारलं."

मार्गिलानमध्ये हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. हकिमाचं डॉक्टरला सांगायचं नाही, डॉक्टरचं हकिमाला सांगायचं नाही. दोन सवतींना एकमेकींच्या ताटात काय वाढलं ते सांगतात का? अख्ख्या मोहल्ल्याला दोमलांची साफसफाई माहीत होती. विचारायला आलेल्या पांढऱ्या डगल्यापुढे कोणी ओठ हलवला नसता. दोमलांच्या बाबतीत त्यावर इभ्रतीचं कुलूप होतं, एवढंच.

शोइरा मग नसलेली कारणं शोधत राहिली. तांबं, लोह, दुर्मीळ आजार. रक्त रोज निघे, आणि रोज ते गोठायला कालच्यापेक्षा जास्त वेळ घेई. ती दोमलांना दोन्ही हात पुढे धरून तळवे ताठ करायला सांगे. तळवे पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडत.

आणि रोज सकाळी मुयास्सर मुगाच्या कढणाचा थर्मास घेऊन येई. थर्मासात कढण नसे.

"डॉक्टरीणबाई चांगली आहे हो," ती खालच्या आवाजात म्हणे, "पण तिला सापडत नाहीये. निदान आपलं तरी चुकायला नको." आणि दोन घोट ओते. दोमला पीत. तोंड आता इतकं कडू होतं की काढा त्यापुढे पाण्यासारखा लागे. त्यांना ते सुधारणेचं लक्षण वाटलं.

मग ताश्कंदहून दिल्दोरा आली, त्यांची एकुलती एक मुलगी, कडेवर चार महिन्यांचं बाळ घेऊन. शोइराने तिला खिडकीपाशी नेलं. पण वॉर्ड लहान होता.

"कारण सापडत नाही, आणि यकृत थांबत चाललंय. ताश्कंदला न्यायचं, जवळच्या नातेवाइकाच्या यकृताचा मोठा तुकडा काढून बसवायचा. तुमचा रक्तगट जुळतो."

"माझा घ्या," दिल्दोरा म्हणाली. जणू पातेलं मागितलं होतं.

"बाळाचं अंगावरचं दूध तोडावं लागेल. आणि ऑपरेशन मोठं आहे. देणाऱ्यालाही धोका असतो. मी लपवणार नाही."

"घ्या म्हटलं ना. कागद कुठे आहेत?"

पुढचे दिवस दिल्दोरा कागदांमागे धावली. मुलगी असल्याचा दाखला, नवऱ्याची संमती, मोहल्ला समितीचा शिक्का. समितीच्या अध्यक्षाने विचारलं, यकृताचा तुकडा म्हणजे स्थावर की जंगम, कारण शिक्के वेगळे आहेत. ती हे सांगून हसायचा प्रयत्न करत होती. बाळ दोमलांच्या पायांशी झोपलं होतं आणि झोपेत ओठांनी चोखत होतं.

दोमला त्या ओठांकडे बघत राहिले. डोकं आता धड चालत नव्हतं. आवर्तसारणी मॅग्नेशियमपर्यंत येऊन परत मागे जायची. पण एवढं त्यांना अजून कळत होतं: कारण सापडत नाही म्हणून पोरीला कापणार आहेत, आणि कारण थर्मासात आहे.

"शोइरा," त्यांनी हाक मारली. "इकडे ये, बाळा. दार लाव."

"दाराची कडी मोडलीय, दोमला. बोला."

सहा खाटांवरची सहा तोंडं वळली.

"मी चहा घेत होतो."

"कसला चहा?"

"साफसफाईचा." त्यांनी पांघरुणाची घडी सरळ केली. "हकिमाचा."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने हळूच पाय लांब करून आपल्या कपाटाचं दार लोटून घेतलं.

"शेवटचा कधी घेतलात?"

"आज. तू यायच्या आधी."

दोमला आता ती हसेल म्हणून वाट बघत होते. त्यांनी तिचं हसणं सोसायची तयारी केली होती. त्यापुढचं काहीच सोसायची केली नव्हती. शोइरा हसली नाही. तिने थर्मास उघडला, उरलेला काढा गाळून पाला वर्तमानपत्रावर पसरला आणि चिमट्याने एकेक काडी बाजूला करू लागली.

"हे जाऊ दे. हेही जाऊ दे. हे बघा." विंचवाच्या नांगीसारखा वळलेला एक वाळका तुरा तिने उचलला. "भुरुंडीच्या जातीचं तण आहे हे. गव्हाच्या शेतात उगवतं. पूर्वी याचं बी पिठात जायचं आणि घरंच्या घरं पोट फुगून पडायची. यकृतातल्या बारीक शिरा बुजवतं हे. थोडं घेतलं तर थोड्या, जास्त घेतलं तर…" ती थांबली. "रोज किती घेत होता?"

"एक पियाला."

"एक कसला?" मुयास्सर न राहवून म्हणाली. "दोन-दोन घोट करत मी पुष्कळ पाजायचे. भांडंभर करायचे ना मी."

"भांडंभर हे एकटे प्यायचे?"

"छे गं, भांडंभर कसं पितील? तळाचं उरायचंच की. चांगलं दाट."

"त्या तळाच्याचं काय करत होतात?"

मुयास्सरने तिच्याकडे असं पाहिलं, की या पोरीला शिकवलं तरी काय. घरातल्या मोठ्या माणसाचं उष्टं म्हणजे बरकत. ते मोरीत ओतणारी बाई मार्गिलानमध्ये जन्मायची होती.

"मी प्यायचे," ती म्हणाली.

शोइराने चिमटा खाली ठेवला. "खोला, जरा उजेडात या."

तिने मुयास्सरची हनुवटी खिडकीकडे वळवली आणि अंगठ्याने खालची पापणी ओढली. मग तिच्या घोळदार झग्यावरून पोटावर हात ठेवला. दोन बोटांनी वाजवून पाहिलं, दुसऱ्या कुशीला वाजवून पाहिलं.

"पोट सुटलंय माझं," मुयास्सर लाजून म्हणाली. "वय झालं."

"खाज येते?"

"सगळ्यांनाच येते."

"कधीपासून? सांगितलं का नाहीत कोणाला?"

"घरातलं एक माणूस आजारी असताना दुसऱ्याने पडायचं असतं का, पोरी? मग थर्मास कोण आणणार?"

दोमला उठून बसायचा प्रयत्न करत होते. गेला महिनाभर त्यांनी स्वतःचे डोळे दिवसातून दहा वेळा आरशात पाहिले होते. मोहल्ल्यातल्या प्रत्येकाने येऊन ते पाहिले होते. माशांनीसुद्धा पाहिले होते. आता ते बायकोच्या डोळ्यांत बघत होते आणि दिल्दोरा त्यांना मागून धरून आडवं करत होती.

काढा सुटल्यावर त्यांचं रक्त हळूहळू, अगदी अनिच्छेने, पुन्हा गोठू लागलं. पोटातलं पाणी नळीने काढलं. शोइरा म्हणाली, "यकृताने ठरवलंय असं दिसतंय. तुम्हाला कोणाचा तुकडा नको."

मुयास्सर त्यांच्या निम्म्या वजनाची होती, आणि तिच्या वाट्याला तळ आला होता. दिल्दोराने तोच तुकडा तिला द्यायचं म्हटलं, पण कागद बापाच्या नावाचे होते. बापाच्या नावाचे कागद आईला चालत नाहीत. मुलगी असल्याचा दाखला पुन्हा, संमती पुन्हा, समितीचा शिक्का पुन्हा. या वेळी अध्यक्षाने काही विचारलं नाही, लगेच उठून शिक्का मारला. पण तो मारून आणेपर्यंत मुयास्सर कोणाला ओळखत नव्हती. तिला फक्त एक काळजी होती. ती दिल्दोराला परकी बाई समजून पुन्हा पुन्हा सांगत होती, "यांना सकाळी काही दिलं नाही अजून कोणी."

मुयास्सरच्या मयताच्या दिवशी रिवाजाप्रमाणे पुरुष दारात उभे राहिले. अंगात काळा अंगरखा, कमरेला रुमाल बांधलेला, डोक्यावर टोपी. दोमलांचा अंगरखा त्यांच्यावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता आणि ते काठीवर रेलले होते. आतून बायकांचा आक्रोश येत होता. पहिला आला एर्गाश-आका. त्याचा चेहरा रडून सुजला होता.

"दोमला, काय बोलू? अल्लाची मर्जी…"

त्याने मिठी मारली. दोमलांनी मिठी सोडवली, पण त्याचा चेहरा सोडला नाही. हनुवटी धरून उन्हाकडे वळवली आणि अंगठ्याने खालची पापणी ओढली.

"वर बघा."

"अहो, मी आहे. एर्गाश."

"माहीत आहे. वर बघा." पांढरं. लाल शिरा, पण पांढरं. "आता दुसरा." तोही पांढरा. "जा."

त्यामागे बाहरी-खोला होती. ती बायकांकडे आत जायला वळली, तोच दोमलांची काठी आडवी आली. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बायकोच्या मयताला, भर दारात, शेजारच्या विधवेचा चेहरा. कोणीतरी मोठ्याने खाकरलं. बाहरी-खोलाने त्यांची मनगटं धरली.

"दोमला, वेड लागलंय का तुम्हाला?"

"लागलं असेल. वर बघा, खोला."

तिने वर पाहिलं. दोन्ही डोळे पाण्याने भरले होते. दोमला पाणी ओघळून जायची वाट बघत थांबले.

"काय चाललंय पुढे?" मागून कोणीतरी कुजबुजलं.

"डोळे बघतायत."

"कशाला?"

"रीत असेल. शिकलेला माणूस आहे, उगाच नाही करणार."

झालं. मार्गिलानमध्ये मयताला रीत मोडायची कोणाचीच छाती नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत माणसं एकामागे एक उभी राहिली. मुख्याध्यापक, समितीचा अध्यक्ष, खिळ्याला बाटली टांगणारी नर्स. पाळी आली की जो तो आपणहून हनुवटी वर करी, दोन्ही डोळे दाखवी आणि छातीवर हात ठेवून बाजूला होई. दोमला कोणाशी बोलत नव्हते. 'वर बघा' आणि 'जा', एवढंच.

मग एक फार म्हातारा पुढे आला. त्याच्या मानेला बाक होता आणि तोंड कायमचं जमिनीकडे.

"मला वर बघता येत नाही, बाळा," तो म्हणाला.

दोमलांनी काठी भिंतीला टेकवली, धुळीत दोन्ही गुडघे टेकले आणि खालून त्याच्या डोळ्यांत बघू लागले.